परत न उतरणारं विमान

ओझर, नाशिक

चि. समीर,


मालवाहू जहाजाच्या नाळेवर लढाऊ विमान उभं असलेला फोटो पाठवून तू विचारलंस, ‘मामा, हे उतरत कुठे होतं?’ उतरतच नव्हतं रे.

1940मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मनांची कॉन्डोर विमानं बोर्डोहून अटलांटिकवर घिरट्या घालू लागली. ती बॉम्ब टाकत, शिवाय ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या ताफ्याचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवत. किनाऱ्यावरची लढाऊ विमानं इतक्या लांब पोचत नव्हती, विमानवाहू नौका कमी. मग ब्रिटिशांनी 35 मालवाहू जहाजांवर रूळ बसवले, रॉकेटांनी ढकलायची गाडी ठेवली आणि तिच्यावर एक हरिकेन लढाऊ विमान. पोटात माल नेहमीसारखाच.

वैमानिक इंजिन पूर्ण जोरात आणायचा, डोकं मागे घट्ट टेकवायचा, धक्क्यानं विमानाच्या नियंत्रणाचा दांडा मागे ओढला जाऊ नये म्हणून उजवं कोपर कमरेशी आवळायचा आणि डावा हात खाली करून खूण द्यायचा. अधिकारी तीन अंक मोजायचा, लाटेच्या खळग्यातून नाळ वर येऊ लागली की कळ दाबायचा. लढून झालं की हवाई छत्री घेऊन समुद्रात उडी. विमान पाण्यावर टेकवलं तर पोटाखालचा रेडिएटर पाणी पकडायचा आणि नाक सरळ खाली जायचं.

ओझरला मिग विमानांच्या जोडणीत माझी उमेदीची वर्षं गेली. विमान परत यावं म्हणून एकेक रिव्हेट तपासायचो आम्ही. त्यामुळे एकाच उड्डाणासाठी सज्ज ठेवलेल्या त्या हरिकेनचं मला फार वाईट वाटतं. प्रत्यक्ष लढाईसाठी अशी आठच उड्डाणं झाली. त्यात एक वैमानिक गेला, जॉन केंडल. मे 1942, रशियाहून परतणारा ताफा. छत्री वेळेत उघडली नाही.

पण ज्या जहाजांसाठी हे चाललं होतं, त्यांवर माणसं कोण होती? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा साधारण दर चार-पाच खलाशांत एक हिंदुस्थानी असे. मुंबईहून चढणाऱ्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. बॉयलरपाशी कोळसा ओढणारा आगवाला तर पाण्याच्या पातळीखाली. टॉर्पेडो फुटला की त्याला वर यायला वेळच मिळत नसे. त्या युद्धात असे सहा हजारांहून अधिक हिंदुस्थानी खलाशी गेले. त्यांची नावं मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मृतिग्रंथात आहेत. युद्धाच्या पुस्तकांत हरिकेनवर पानंच्या पानं आणि यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ, हे मला सहन होत नाही.

तुझं जहाज मुंबईला लागलं की त्या सेलर्स होमला जाऊन ये. परवानगी मागावी लागली तर माग. कोकणातली दिसतील तेवढी नावं वहीत उतरवून घे आणि मला पाठव.

तुझा,
मामा