शेजारधर्म

‘ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला’ ही म्हण बैलांइतकीच धातूंनाही लागू पडते, असें पदार्थविज्ञान शिकवितांना मला अनेकदां वाटतें. १९११ सालीं लायडेन येथें कामरलिंग ओनेस यांनीं पारा उणें २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हां त्याचा विद्युत्‌विरोध एकाएकीं नाहींसा झाला. हीच अतिवाहकता. तिचें रहस्य १९५७ सालीं बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं उकललें. अशा धातूंत इलेक्ट्रॉन एकेकटे न फिरतां जोडीनें फिरतात, आणि जोडींतल्या दोघांची फिरकी परस्परविरुद्ध असते.

अतिवाहकाला तांब्याचा पातळ थर लावला, तर या जोड्या शेजारीं शेंकडों नॅनोमीटर आंतवर जातात आणि तांब्यालाही तो गुण लागतो. पण शेजारीं लोखंड किंवा निकेल असलें, म्हणजे विळ्याभोपळ्याएवढें सख्य! चुंबकाचा हट्ट असा, कीं फिरक्या एकाच दिशेला असाव्यात. जोडी थोडेसे नॅनोमीटर जाते न जाते तोंच फुटते.

आपणही नव्या सुनेला किंवा परगांवाहून आलेल्या विद्यार्थ्याला ‘जुळवून घे’ असें किती सहज सांगतों! त्याचा खरा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो, कीं तूं तुझेपण सोड. शेजार म्हणजे एकाची सरशी व दुसऱ्याचा लोप, असेंच आपण धरून चालतों.

२००१ सालीं बर्गेरेट, व्होल्कोव्ह व एफेतोव्ह यांनीं गणितानें निराळी वाट दाखविली. सीमेजवळ चुंबकत्वाची दिशा हळूहळू वळत गेली, तर जोडीची घडण पालटते. दोघांची फिरकी एका दिशेची होते, पण जोडी मोडत नाहीं. मग चुंबकाला तिच्याशीं भांडण्याचें कारणच उरत नाहीं. २००६ सालीं चुंबकीय क्रोमियम डायऑक्साइडमधून असा प्रवाह शेंकडों नॅनोमीटर वाहिलेला प्रयोगांत दिसला.

यांत मला महत्त्वाची वाटते ती सीमा. जोडी बदलली हें खरें. पण तिला बदलतां आलें, तें उंबरठ्यानें वळायला जागा दिली म्हणून. नवख्याला उपदेश करण्यापूर्वीं आपल्या उंबरठ्यावर तशी जागा आहे का, हें घरच्यांनीं एकदां पाहून घ्यावें. बदललेली जोडी ती पूर्वीचीच का, हा प्रश्न उरतोच. पण जोडी फुटण्यापेक्षां तो प्रश्न पडलेला बरा.