आवळ्यावर गोल्फ

चिखलदऱ्याला लोक कीचकदरा पाहायला येतात, गाविलगडाचे बुरूज चढतात. आमचे भाऊजी मागच्या डिसेंबरात आले ते गोल्फची काठी घेऊन! चेंडू मात्र मी आणू दिले नाहीत. खाली मेळघाटचे जंगल, १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प. तिथे चेंडू शोधायला जाणार कोण?

भाऊजींचा उजवा हात आजारपणानंतर दुबळा झालेला. धुके विरले की अंगणात त्यांचा सराव सुरू होई : पाय रोवायचे, मान स्थिर, कमरेतून वळायचे, मग वजन डाव्या पायावर. हौशी खेळाडू उजव्या हाताने चेंडूला बडवतात आणि तो भलतीकडे जातो, असे ते सांगत. आता उजव्यात जोरच नाही, म्हणून डावा हात आपसूक पुढाकार घेई. काठी कशी गोल, सावकाश फिरे!

सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत चेंडू थोडा लांब जातो म्हणे. नुसती हवाच किती दिवस झोडपायची? तिसऱ्या सकाळी ताईने झाडाखालचा एक आवळा उचलून मुकाट्याने गवतावर ठेवला.

टक्! आवळा थेट फाटकापर्यंत.

भाऊजींनी हाताकडे पाहिले, मग ताईकडे.

"अगं, आणखी एक ठेव."