बोटीवरचा टेप आणि त्यातला रेडिओ

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींची डागडुजी चालते. लहान होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, ट्रॉलर एकमेकांना बांधून उभे असतात. कुणाचं इंजिन उघडलेलं, कुणाच्या तळाला फायबर चढत असतं, आणि वायरिंगवाल्या मिस्त्रीला तर बोलायला सवड नसते. दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस अशी सगळी कामं सांगून झाली की मालक शेवटी म्हणतो, "आणि तेवढा ब्लूटूथचा टेप बसवून टाक. पोरं मागे लागलीत."

आमच्याही बोटीवर असा नवा संच बसला. तो चांगला आहे, हे आधीच सांगतो. आवाज स्वच्छ आहे, खाऱ्या हवेला तो दाद देत नाही, आणि जुन्याच्या मागे जेवढी कटकट होती त्यातली फारशी उरलेली नाही. पण जुन्या संचात दोन वस्तू एका डबीत नांदत होत्या. एक टेप आणि दुसरा रेडिओ. जुन्या आठवणी निघाल्या की सगळे कॅसेटबद्दल बोलतात. मला मात्र वाटतं की कॅसेटची जागा फोननं नीट भरून काढली. रेडिओची जागा अजून मोकळीच आहे.

जुना संच मोटारीत बसवायचा होता. बोटीसाठी वेगळा संच मिळतो हे तेव्हा बंदरात कुणाला ठाऊकही नव्हतं. बाबांनी केबिनमध्ये सुकाणूच्या वर प्लायवूडची पेटी ठोकून तो आत बसवला आणि तोंडावर सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा पडद्यासारखा लावला, पाणी उडू नये म्हणून. पाण्याचे शिंतोडे त्यानं अडत, खारी हवा अडत नसे. मोसमाच्या अखेरीस मागची वायर सोलून बघितली की तांब्याचा लाल रंग जाऊन आत काळं-हिरवं झालेलं असे, आणि तेही जोडापाशी नव्हे, वायरीच्या वेष्टणात वीतभर आतपर्यंत. मिठाचा ओलावा तारांच्या मधून आत चढत जातो. मिस्त्री तेवढी वायर कापून टाकी आणि नवा जोड देई. दर वर्षी वायर आखूड होत जाई.

स्पीकरांचं दुखणं वेगळं. त्यांचे पडदे कागदाचे. श्रावणात बोट पाण्यात उतरली की दमट हवेनं कागद फुगे आणि ढोलकीच्या थापेला फरफर आवाज येई. कॅसेट फिरवणारा आतला रबरी पट्टा इंजिनच्या उष्णतेनं सैल पडे. मग गाणं हळूहळू जड होत जाई, गाणारी बाई पुरुषी आवाजात गायला लागे आणि कुणीतरी बोट चालवणाऱ्या तांडेलाला हाक मारी, "तांडेलकाका, पट्टा गेला!" कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेपचं हेड पुसायचं काम माझ्याकडे असे. पांढरा बोळा तपकिरी होऊन बाहेर येई. ती टेपवरची घासून सुटलेली पूड. म्हणजे कॅसेट जितकी लाडकी, तितकी ती लवकर झिजे.

कॅसेटी फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत राहत, झाकण घट्ट लावून. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं त्यात होती, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं होती, कव्वाल्या होत्या. पण सगळ्यांत जास्त वाजत त्या शक्ती-तुऱ्याच्या. रत्नागिरीकडे जाखडीचे सामने व्हायचे, शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर, एकानं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं ते गाण्यातच सोडवायचं. ते टेप करून विकले जात. खलाशी सगळे आसपासच्या गावांतले. कुणाचा भाऊ एखाद्या मंडळात झीलकरी असे, कुणाचे काका शाहीर. त्यामुळे कॅसेट लागली की डेकवर दोन तट पडत आणि सवालाचं उत्तर येण्याआधीच इथे वाद सुरू होई.

गाणी ऐकायची खरी वेळ म्हणजे मासळी निवडण्याची. ट्रॉलचं जाळं दोन-तीन तास ओढून वर घेतलं की डेकवर ढीग पडे. कोळंबी वेगळी, माकुल वेगळं, बांगडा वेगळा, बारीक कुटी वेगळी. बल्बच्या पिवळ्या उजेडात पोरं उकिडवी बसून हात चालवत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चाले, आणि कामाचा अंदाजही त्याच मापानं घेतला जाई. "अजून एक बाजू काम आहे" असं म्हणायचे. बाजू संपली की कॅसेट उलटायला हात कोरडा असलेला माणूस लागे. तो बहुधा तांडेलच, कारण सुकाणूवर हात त्याचेच कोरडे. म्हणूनच कुठली कॅसेट लागणार हेही तोच ठरवी. फिलिप्सनं ही छोटी कॅसेट १९६३ साली बाजारात आणली तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपून ठेवण्यासाठी होती. पुढे तिनं अशा जागांपर्यंत गाणी नेली, जिथे तबकडी घटकाभरही टिकली नसती.

आता रेडिओबद्दल. त्या संचाला मिडियम वेव्ह होतं. रत्नागिरी केंद्र ११४३ किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, विविध भारती ११८८ वर. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागत आणि त्या वेळी बोटीवर कुणी बोलायचं नाही असा दंडक होता. किनाऱ्यापासून लांब, वीस-पंचवीस वाव खोल पाण्यात, जिथे डोंगराची रेघही दिसत नाही, तिथे रत्नागिरी केंद्र घरातल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येई. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. कारण साधं आहे. मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीला लगटून जातात आणि कोरड्या, खडकाळ जमिनीत त्यांची ताकद जिरते. खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं, त्यामुळे समुद्रावरून त्या फारशा न थकता लांब जातात. घरी डोंगराआडच्या वाडीत खरखर करणारं केंद्र बोटीवर अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं येई.

रात्री तर आणखी निराळंच घडे. सूर्य मावळला की आकाशातला, दिवसा या लहरी गिळून टाकणारा विरळ थर नाहीसा होतो. मग त्या वर जाऊन परततात आणि शेकडो मैलांवर उतरतात. बटण थोडं फिरवलं की गुजराती निवेदन, आणखी फिरवलं की अरबी गाणी. आखाती देशांत बंदरातल्या कितीतरी घरांतली माणसं कामाला होती. एका खलाशाचा थोरला भाऊ मस्कतला होता. अरबी स्टेशन लागलं की तो म्हणे, "ठेव, ठेव, बदलू नको." भाषा त्याला कळत नव्हती. समुद्राच्या त्या काठावर भाऊ आणि या काठावर आपण, हे त्याला पुरेसं होतं.

पण रेडिओला बोटीवर मान होता तो हवामानासाठी. मच्छीमारांसाठीचा इशारा त्यावर येई. वाऱ्याचा वेग किती, समुद्र खवळलेला राहील की नाही, बाहेर जायचं की परतायचं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणकिनाऱ्याला घासून वर गेलं. बोटी बुडाल्या, माणसं परतली नाहीत. त्यानंतर बाबांनी नियमच केला की बातम्यांच्या वेळी टेपमध्ये कॅसेट ठेवायची नाही. त्या संचात कॅसेट आत असली की रेडिओ आपोआप बंद होई, आणि गाण्याच्या नादात इशारा निसटण्याची भीती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. वेळ झाली की ते स्वतः बटण दाबून कॅसेट बाहेर काढत, मग गाणं अर्ध्यात तुटलं तरी चालेल. त्यावर कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

नवा संच बसवताना मी मिस्त्रीबरोबर बसलो होतो. आमच्या सहा सिलेंडरच्या इंजिनाला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. जुना टेप बारावर चाले, तेव्हा पूर्वी एकाच बॅटरीवरून त्याची वायर ओढलेली होती. पुष्कळ बोटींवर अजून तसंच असतं. ते वाईट आहे. एक बॅटरी जास्त उपसली जाते, चार्जिंग मात्र दोघींना सारखं मिळतं, आणि वर्षभरात जोडी बिघडते. पहाटे नांगर उचलायच्या वेळी इंजिन फिरलं नाही की त्याचं मूळ कधीकधी रात्रीच्या गाण्यांत असतं. आता मधे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर आहे, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, जोडावर गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. संचाच्या आतल्या पट्टीवर संरक्षक लेप आहे आणि पुढून पाण्याचा फवारा बसला तरी चालतो. स्पीकरांचे पडदे कागदाचे नाहीत, पॉलिप्रोपिलीनचे. पावसाळी हवेत ते फुगत नाहीत.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीला अडवून सांगावी लागली. तो स्पीकर कंपासच्या बाजूला लावत होता, कारण तिथे जागा मोकळी होती. स्पीकरात मोठं चुंबक असतं. तो नुसता हातात धरून कंपासजवळ नेला तर तबकडी डोळ्यांदेखत वळली. परत लांब नेला तर जाग्यावर आली. जीपीएस आहे म्हणून हल्ली कंपासकडे कुणी बघत नाही, पण जीपीएस बंद पडलेल्या रात्री तोच घरी आणतो. स्पीकर मागच्या बाजूला, डेककडे तोंड करून लागले.

ब्लूटूथला पोरं चटकन सरावली. कॅसेट उलटायला कोरडा हात लागत नाही, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत असला तरी गाणं चालू. मोकळ्या डेकवर मात्र एक गंमत होते. फोन मागच्या खिशात ठेवून माणूस केबिनकडे तोंड करून उभा राहिला की गाणं तुटतं. या लहरी शरीरातल्या पाण्यात अडतात. घरात त्या भिंतीवरून उलटून संचापर्यंत पोचतात, समुद्रावर उलटायला काहीच नसतं. फोन वरच्या खिशात ठेवला की ठीक.

किनाऱ्यापासून थोडं बाहेर पडलं की नेटवर्क जातं, म्हणून गाणी आधीच उतरवून घ्यावी लागतात. आता आमच्याकडे गावातला खलाशी क्वचित. रत्नागिरीच्या ट्रॉलरांवर हल्ली नेपाळहून आलेली मुलं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या फोनवर त्यांच्या डोंगरातली गाणी असतात, मादलच्या ठेक्यावरची. पूर्वी तांडेल लावील ते सगळ्यांनी ऐकायचं. आता ज्याचा फोन जोडलेला त्याची पाळी, मग दुसऱ्याची. मासळी निवडताना नेपाळी गाणं संपलं की रत्नागिरीचा मुलगा कोळीगीत लावतो. समुद्र कधी न बघितलेल्या गावातून आलेल्या मुलाला आपलं गाणं आपल्या भाषेत भर समुद्रात ऐकता येतं, हे जुन्या संचावर शक्य नव्हतं. मला हा बदल मनापासून आवडतो.

आणि रेडिओ? संचाच्या पेटीवर एएम लिहिलेलं होतं, पण ११४३ लागेना. आकडा ११४० वर जाई, नाहीतर ११५० वर. आपल्याकडे मिडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत दहा-दहाच्या. संच अमेरिकी मापावर ठेवलेला होता. ते सेटिंग बदललं तेव्हा ११४३ आला, पण त्यामागे सतत चिरका आवाज. तो कन्व्हर्टरचा. चोवीसचे बारा करताना त्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि नेमकी मिडियम वेव्हवरच ओरडते. एलईडी दिवे लावले की त्यात भर. पूर्वीचे पिवळे बल्ब वीज खात, पण मुके होते. कन्व्हर्टरच्या वायरींवर फेराइटची कडी चढवली, एरियल केबिनच्या टपावर दूर नेला, तेव्हा दिवसा बोलणं समजू लागलं. निवडायचे दिवे लागले की पुन्हा तेच.

इशारा पोचवायला आता दुसरे मार्ग आहेत. व्हीएचएफ वायरलेस आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली, त्यावर उपग्रहामार्फत संदेश येतो आणि धाडताही येतो. जीव वाचवायला हे रेडिओपेक्षा सरस आहे यात शंका नाही. दुसरीकडे प्रसार भारतीनं देशभरातले बरेच जुने मिडियम वेव्ह प्रक्षेपक एकामागून एक बंद केले. पण ट्रान्सपॉन्डरवरचा इशारा एकटा तांडेल वाचतो. रेडिओवरचा इशारा डेकवरच्या सगळ्यांच्या कानावर पडे, आणि परत फिरायचं की नाही यावर सगळे बोलत. जो नवा संच घेतो त्याला मी सांगतो, दुकानात आधी नऊ किलोहर्ट्झचं सेटिंग विचारा, ब्लूटूथ नंतर. आमच्या केबिनमध्ये सेलवर चालणारा एक साधा ट्रान्झिस्टरही आहे. दिवे मालवल्यावर त्याचं चांगलं ऐकू येतं.

जुना टेप मी घरी आणलाय. शक्ती-तुऱ्याच्या त्या कॅसेटी फोनवर कुठे सापडत नाहीत, म्हणून एकेक लावून त्या संगणकात उतरवतोय. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली. त्यामुळे हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू केसभर फिरवावा लागतो, टाळांचा आवाज उघडेपर्यंत. बरणीतल्या अर्ध्याहून जास्त झाल्या. रबरी पट्टा पुन्हा सैल झालाय आणि त्या मापाचा रत्नागिरीत मिळत नाही, मुंबईहून मागवलाय. तो आला की राहिलेल्या उतरवायला घेईन, आणि ज्या गावांच्या मंडळांच्या त्या आहेत त्यांना पाठवीन.