बघण्याचा तास

द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली हॉर्नचा अखंड गजर. तेथून हाकेच्या अंतरावर आमचे घर. रविवारची मिस्सा आटोपली की धर्मग्रामातील सात-आठ मुले आमच्या ओसरीवर चित्रे काढावयास येतात. मन एकाग्र करावयास याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडणार नाही!

मी आयुष्यभर चित्रकला शिकविली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांना कितीतरी मुले बसविली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. सारे वेळेत पूर्ण करून घेतले. मात्र निसर्गदृश्य काढावयास सांगितले की नाशिकचे मूलही दोन त्रिकोणी डोंगर काढते, मधोमध सूर्य आणि खाली नदी. आपल्याकडील डोंगर लाव्हारसाच्या थरांचे, पुष्कळसे सपाट माथ्याचे. रामशेज पाहिलेली मुलेही कागदावर त्रिकोणच काढीत! आपल्या नाशिकचे शिवाजी तुपे गोदाघाट जलरंगात कसा रंगवीत, हे मी वर्गात रंगवून सांगे आणि मुलांना मात्र फळ्यावरचे चित्र उतरवून घ्यावयास लावी.

ही चूक उमगली ती निवृत्तीनंतर. किमॉन निकोलाइडीस या अमेरिकन कलाशिक्षकाचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ साली निघाले. त्यातील एक अभ्यास मी मुलांना देतो. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवावयाची, तिच्याबरोबर पेन्सिल सरकवावयाची; कागदाकडे मुळीच पाहावयाचे नाही. चित्र वेडेवाकडे येते, मुले पोट धरून हसतात. मग हळूहळू हसू ओसरते. द्राक्षावरील पांढुरका थर, देठापाशी पडलेला तपकिरी डाग त्यांना दिसू लागतो. हॉर्न वाजतच असतात, पण माना वर होत नाहीत. हल्ली यास 'माइंडफुलनेस' म्हणतात. आम्ही 'बघण्याचा तास' म्हणतो.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी द्राक्षे आणावयाची राहून गेली. खिडकीपाशी माझी पत्नी खुर्चीत बसली होती. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिचे डावे अंग लुळे पडले आहे. एक चिमुरडी म्हणाली, "सर, आजींचा हात काढू?"

मी एकदम "नको" म्हणालो. आलेल्यागेलेल्यांसमोर तो हात पदराखाली झाकण्याची सवय मीच लावली होती. पण तिने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि उजेडात, मांडीवर ठेवला.

मुले गप्प झाली. बऱ्याच वेळाने त्या मुलीने विचारले, "आजी, या बोटावर गोल खूण कसली? तीपण काढू?"

सूज चढल्यामुळे वर्षभरापूर्वी सराफाकडून तिची लग्नाची अंगठी कापून घ्यावी लागली होती. तो हात रोज मीच धुतो, पुसतो, बाहीत घालतो. ती खूण मी पाहिली नव्हती.

"काढ," पत्नी अडखळत म्हणाली.

मी माझी पेन्सिल शोधू लागलो.