शिवणाचा डबा

18 जून
नाशिकहून सूर्यमाळला परत. फ्लुओक्सेटिन, 20 मिलिग्रॅम, सकाळी एक. पाकीट शिवणाच्या डब्यात ठेवलं, रिळांखाली.

21 जून
मळमळ. होईल असं सांगितलं होतंच. गुण यायला तीन-चार आठवडे.

26 जून
रात्रभर पाऊस. भूगोलाचा तास पूर्ण घेतला. मार्चनंतर पहिल्यांदा.

27 जून
मनगटाला खाज. सुरवंट फिरला असेल.

28 जून
पोटावर, पाठीवर गांधी. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, पित्त उठलंय." आमसुलं भिजवून त्यांनीच पाणी लावलं. घटकाभर थंड वाटलं.

29 जून
आरोग्य केंद्रात गेले. सिस्टरांनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे का? म्हटलं, नाही. मागे रांगेत दोन मुलींचे वडील उभे होते.
सेट्रिझिन घेऊन आले. सकाळची गोळीही घेतलीच होती. ती सुटली तर मार्च परत येईल. खाज सोसता येते.

30 जून, रात्री
वरचा ओठ सुजलाय. श्वास ठीक. आरसा खाली ठेववत नाही.
अधीक्षिका ताईंना उठवलं. काय सांगायचं सुचेना, डबाच हातात दिला. त्यांनी रिळं बाजूला केली, पाकीट कंदिलाजवळ धरून वाचलं. "जीप बोलावते," एवढंच म्हणाल्या.

1 जुलै
मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय. इंजेक्शन. सकाळी ओठ उतरला. ताई रात्रभर बाकावर बसून होत्या.

2 जुलै
रेंजसाठी माळावर चढले. नाशिकच्या डॉक्टरांना फोन लागला. गोळी बंद. पण हे औषध अंगात कित्येक आठवडे रेंगाळतं, गांधी लगेच जाणार नाहीत. ताप, तोंडात फोड, कातडी सुटणं, धाप: यातलं काही झालं तर फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना. याच कुळातली दुसरी गोळी मनाने घ्यायची नाही.
विचारलं, माझ्यातच काही खोट आहे का?
रेंज गेली.

6 जुलै
धुकं उठलंच नाही. जेवण नको. मुलींचे आवाज लांबून येतात.
पुन्हा माळावर. 14416, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. पलीकडची बाई मराठीत बोलली. घाई केली नाही तिने.

11 जुलै
नाशिक. तो प्रश्न पुन्हा विचारला. डॉक्टरांनी झिमेलिडीनचं सांगितलं. नैराश्यावरचं औषध, 1982 मध्ये स्वीडनमध्ये बाजारात आलं. काहींना तापासारखी रिअ‍ॅक्शन, मोजक्यांचे हातपाय लुळे पडले. 1983 मध्ये मागे घेतलं. माणसांनी त्रास सांगितला, कुणीतरी तो लिहून ठेवला, म्हणून कळलं. मी दोन दिवस गप्प बसले होते.
माझीही नोंद पाठवतील. औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारी नंबर आहे, आपल्याला स्वतःलाही कळवता येतं: 1800-180-3024. वहीत लिहून घेतला.
नवी गोळी वेगळ्या गटातली, मिर्टाझापिन. रात्री अर्धी. अजून आठवडाभराने.

19 जुलै
पहिली अर्धी गोळी. डबा उशाशी. ताई दोनदा डोकावून गेल्या.

20 जुलै
अंग स्वच्छ.

29 जुलै
नागलीची आवणी. गाव शेतात, वर्गात निम्म्याच मुली. भूक लागते. मावशींनी न विचारता दुसरी भाकरी वाढली.

3 ऑगस्ट
सर्दी-ताप. केंद्रात लांब रांग. सिस्टरांनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे का? सांगितलं. फ्लुओक्सेटिनचंही सांगितलं. त्यांनी केसपेपरवर वर, लाल पेनाने लिहिलं.