निरामिष आमिष

'आमिष' म्हटले की मराठी मनाला फसवणूक आठवते. संस्कृतात मात्र त्याचा एक अर्थ मांस असा आहे. 'निरामिष' हा शब्द त्यातूनच आला. टेक्सासमधील लेक फोर्क जलाशयावर आम्ही बास मासा धरण्याची विद्या शिकू लागलो, तेव्हा हाती आले ते मऊ प्लास्टिकचे गांडूळ, शब्दशः निरामिष आमिष. निक क्रीम यांनी १९४९ साली ओहायोतील अ‍ॅक्रन येथे असे गांडूळ घडवले.

आमचे गुरू शेजारचे वयोवृद्ध अमेरिकन गृहस्थ. गळाचे टोक गांडुळातून काढून ते पुन्हा त्याच्याच अंगात कसे दडवावे, हे त्यांनी प्रथम दाखवले. याला 'टेक्सास रिग' म्हणतात. टोक झाकलेले असल्याने गळ बुडालेल्या झाडांत सहसा अडकत नाही. आमिष टाकल्यावर घाई करायची नाही, ही दुसरी शिकवण. कारण ते संथ बुडत असतानाच बास पुष्कळदा ते तोंडात घेतो.

मधुमेहाने गुरूंच्या बोटांची संवेदना हरपली आहे. दोऱ्यातली सूक्ष्म टकटक त्यांना जाणवत नाही. म्हणून दोरा जिथे पाण्यात शिरतो तिथे ते दृष्टी लावून बसतात. तो किंचित बाजूला सरकला तरी ओळखतात. आणि आम्हाला विचारतात, "कसं लागलं?" दगड खरखरतो, फांदी लवचिकपणे ओढते, मासा अचानक जड होतो. 'काहीतरी लागले' एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. तो स्पर्श आता त्यांना आमच्या शब्दांतूनच मिळायचा असतो.