हाती बसलेली गाडी

घेतलेली गाडी आणि हाती बसलेली गाडी यांच्यात आमच्याकडे साधारण एका पावसाळ्याचं अंतर असायचं. दिवाळीला घेतलेली राजदूत पुढच्या श्रावणात पांदणीतून शेतापर्यंत आणि शेतातून घरापर्यंत पाय न टेकता आली, की ती हाती बसली म्हणायचं. ‘हँडलिंग’ हा शब्द नंतर आला. तोवर राजदूत जायला निघाली होती.

बुलडाणा जिल्ह्यात पत्ता सांगताना आधी घाटावर की घाटाखाली, ते सांगावं लागतं. गाडीचंही तसंच होतं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल माती. घाटावर बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजाकडे बऱ्याच ठिकाणी मुरूम, चढउतार आणि सुटे दगड. काळीत गाडी रुतते, मुरमावर सरकते. त्यामुळे एकाच सालची, एकाच रंगाची राजदूत मोताळ्याच्या खाली एका तऱ्हेनं बांधलेली असे आणि राजूर घाट चढून वर गेलं की दुसऱ्या. गाडी जमिनीप्रमाणे बदलायची. आता गाडी देशभर एकच असते, आणि जमिनीवर सिमेंट ओततात.

त्या बांधणीतल्या काही गोष्टींची ही टिपणं. क्रम आठवेल तसा.

उचललेलं मडगार्ड. काळी माती टायरला धरते, टायर ती मडगार्डात नेऊन कोंबतं, आणि पन्नास पावलांत चाक जाम. इंजिन चालू, गिअर टाकलेला, गाडी जागची हलत नाही. त्यावर मिस्त्री मडगार्डाच्या पट्ट्यांखाली वायसरांची चळत घालून ते दोन-तीन बोटं वर घ्यायचे. दिसायला वाईट. नवी गाडी अशी करून आणली की घरातल्या बायका म्हणत, सासरी जायच्या आधीच पदर खोचला.

पराटीची काडी. कापूस निघाल्यावर उरलेली, अंगठ्याएवढी जाड. साइडच्या डिक्कीत किंवा सीटखाली खोचलेली. मडगार्डातली माती खरवडायला याहून चांगलं हत्यार कोणत्याही कंपनीनं दिलं नाही. लोखंडी सळई टायर फाडते, तुराटी मोडते.

टायरची हवा. हे मात्र जरा जवळून सांगायला हवं. पांदणीच्या तोंडाशी गाडी उभी करायची, व्हॉल्वच्या टाचणीवर काडीपेटीची काडी दाबायची, फुस्स होऊ द्यायचं. अंगठ्यानं टायर दाबून पाहायचा. मळलेली कणीक जशी जरा विसावू दिल्यावर लागते, तेवढं मऊ. हवा कमी झाली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो, मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं थांबतं. माझा पहिला पावसाळा इंजिनाला शिव्या देण्यात गेला. मिस्त्री (त्यांना सगळे चाचाच म्हणत) ऐकून घेत होते. मग म्हणाले, “हवा कमी कर ना लेका. इंजिनले कायले शिव्या देतं?”

त्याच हवेनं मला पाडलंही. हवा कमी असली की जोर बसताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो आणि व्हॉल्व मुळातून उपटला जातो. नाल्याच्या काठावर ते झालं, गाडी आडवी, मी चिखलात. चाचांनी तेव्हा एक गोष्ट दाखवली, जी मी नंतर कुठेच पाहिली नाही. व्हॉल्वचा नट रिमला आवळायचा नाही, वर टोपणापर्यंत सैल ठेवायचा. मग टायर सरकू लागला की व्हॉल्व तिरपा होतो आणि नुसत्या नजरेला कळतं. तिरपा दिसला की हवा काढून टायर मागे फिरवायचा. त्या सैल नटाचा खुळखुळ आवाज यायचा. शहरातला कोणी पाहुणा तो आवळून द्यायचा आणि आपण उपकार केल्यासारखा हसायचा.

नाड्याचे वेढे. अगदीच गाडी निघेना तर बैलाचा जुना नाडा आऱ्यांमधून मागच्या टायरभोवती गुंडाळायचा. डांबरी लागली की सोडायचा. न सोडता कोणी गावात आला तर पोरं मागे धावत.

मोठं चक्र. मागच्या चाकाचं स्प्रॉकेट दोन-चार दाते वाढवून कापून घ्यायचं, चेनला एखादी कडी जोडायची. वेग जातो, ओढ वाढते. पुढचं चक्र एका दातानं कमी केलं तरी तेच साधतं आणि स्वस्तात, पण चेन लहान वळणावर जास्त वाकते आणि लवकर झिजते. घाटाखाली मागचं वाढवत. घाटावर पुष्कळ जण काहीच करत नसत, कारण त्यांना बाजाराला जायचं असे.

ही सगळी यादी मी एकदा एका इंग्रजी मासिकात पाहिली आणि थक्क झालो. इंग्लंड-स्कॉटलंडात ‘ट्रायल्स’ नावाची जुनी शर्यत आहे. शर्यत म्हणायची इतकंच, वेगाशी तिचा फारसा संबंध नाही. चिखल, ओढे, दगड यांतून गाडी पाय न टेकता न्यायची. पाय टेकला की दंडाचा एक गुण, गाडी अडली किंवा पडली की पाच. तिथले लोक गाडीला काय करत? टायरची हवा कमी, मागचं चक्र मोठं, मडगार्ड आणि सायलेन्सर वर, हँडल रुंद. टायर सरकू नये म्हणून रिममधून वेगळा बोल्ट घालत. आमच्याकडे तेवढं सैल नटावर भागायचं. आपली बुलेट मुळात तिथलीच. तिच्या मागच्या चाकाला चिमटा आणि शॉकअप आले ते अशाच चिखलात पारखून. १९४८ साली इटलीत सान रेमोच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत तिनं सुवर्णपदकं मिळवली. १९५५ ला मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया आली आणि गाडी आपली झाली, चिखलाचा इतिहास मात्र मागेच राहिला. पुढे १९६५ मध्ये सॅमी मिलर नावाच्या गड्यानं हलक्या टू-स्ट्रोक बुल्टाकोवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकांचे दिवस भरले. घाटाखाली हाच निकाल कोणत्याही स्पर्धेविना लागला होता: काळीत बुलेट नको, राजदूत हवी.

बुलेटवर मात्र अन्याय नको. सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वदचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील. माणसाच्या चालीनं चालवली तरी ती धक् धक् करत राहते, बंद पडत नाही. मुरमाच्या चढावर तिच्याइतकी शांत गाडी नाही. पण वजन दीडशे किलोंच्या वर. काळीत बसली की बैलजोडी आणावी लागे, आणि बैल आणायचे तर मग गाडी कशाला, असं आजोबा म्हणत. उजव्या पायाचा गिअर आणि न्यूट्रलला आणणारा तो टाचेचा छोटा दांडा, दोन्ही गेले.

येझदीचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक होता. गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायचा. म्हणजे चिखलात डाव्या हाताची पूर्ण मूठ हँडलवर ठेवता येई, क्लचसाठी चार बोटं उचलावी लागत नसत. क्लचची वायर तुटली तरी माणूस घरी यायचा. तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. २०२२ मध्ये नावानं गाडी परत आली, दांडा आला नाही.

आणि राजदूत. १७३ सीसी, तीन गिअर, मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीची घडण. जुन्या राजदूतचं पुढचं चाक लांब आडव्या चिमट्यात असे, दोन बाजूंना आखूड शॉकअप. ब्रेक मारला की बाकीच्या गाड्या पुढे वाकतात, ही उलट जरा नाक वर करते. नाल्यात उतरताना याचा मोठा आधार. पण हँडल जड, आणि चिमट्याचे बुश झिजले की पुढचं चाक म्हातारीसारखं डुलायला लागायचं. लेथवर पितळेचे बुश कातून घेतले की वर्षभराची निश्चिंती. पुढे सरळ शॉकअपची एक्सेल टी आली आणि पोरांनी जुन्या गाड्यांनाही तेच पुढचं धूड बसवून घेतलं. चाचांना ते पटलं नाही. मला पटलं. डांबरीवर नवीन बरं, नाल्यात जुनं. आणि तोवर आम्ही सगळे डांबरीवर जास्त राहायला लागलो होतो.

दुधाच्या कॅन. चाळीस लिटरच्या दोन म्हणजे नुसतं दूधच ब्याऐंशी किलो. त्या मागच्या चाकाच्या आसाच्या मागे लटकल्या की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल लटलटतं. मिस्त्रींचा नियम: कॅनचा मध्य आसाच्या पुढेच हवा. त्यासाठी कॅरिअरचे हूक कापून पुढे जोडत. दूधवाल्याचे पाय मग फाकलेलेच राहत, तो चालतानाही ओळखू यायचा.

राजूर घाटातला आवाज. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं, लिटरमागे साधारण ४० मिली. लांब उतारावर मूठ बंद ठेवली की पेट्रोल नाही, म्हणून ऑइलही नाही, आणि पिस्टन धरतो. म्हणून उतरताना दर वळणाला मूठ एकदा पिळायची. संध्याकाळी खाली गाडी येतेय हे त्या तुटक आवाजावरून कळे: रँ... शांत... रँ. फोर-स्ट्रोकला ही गरज नाही. घाट आता उतरताना गप्प असतो.

पोस्टकार्डाचा तुकडा. इग्निशनच्या प्वाइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी. त्यासाठी फीलर गेज असतं. चाचांकडे पोस्टकार्ड कापून केलेली पट्टी होती, तेलानं पारदर्शक झालेली. अडकत जायला हवी, फाटायला नको. तिच्यावर कुणाच्या तरी ‘खुशाल आहोत’मधलं अर्धं ‘खुशा’ होतं.

खरं सांगायचं तर आजची शंभर सीसीची हलकी गाडी या तिघींपेक्षा चिखलातून सहज निघते, आणि ती चालवताना कुणाचं पोट दुखत नाही. २०१९ मध्ये एन्फील्डनं ‘बुलेट ट्रायल्स’ नावानं वर उचललेल्या सायलेन्सरची, मागच्या सीटच्या जागी रॅक असलेली गाडी काढली होती. वर्षभरात बंद. जिल्ह्यातला सगळ्यात चांगला रस्ता समृद्धी महामार्ग. त्यावर दुचाकीला परवानगीच नाही.

आमची राजदूत गोठ्यात आहे. बाबांनी विकू दिली नाही आणि चालवूही दिली नाही. मागच्या मडगार्डात शेवटच्या पावसाळ्याची माती वाळून दगड झाली आहे. परवा सीटखाली हात घातला तर काडी तिथेच होती. लावून पाहिली. काडी मोडली.